शत्रूवाचून प्रतिकार : साने गुरुजींचे बालवाङ्मय, धाराशिवहून वाचताना

साने गुरुजींच्या बालवाङ्मयाबाबत मराठी समीक्षेने दोनच भूमिका आळीपाळीने घेतलेल्या दिसतात. एक भूमिका पूजेची. तिला 'श्यामची आई' हे पुस्तक संस्कारांचे स्तोत्र वाटते, आणि स्तोत्राची चिकित्सा करायची नसते. दुसरी भूमिका हेटाळणीची. तिला या लेखनात अश्रूंचा अतिरेक, भाबडेपणा आणि कलात्मक संयमाचा अभाव एवढेच दिसते. वरवर पाहता परस्परविरोधी असलेल्या या भूमिकांत एक गृहीत मात्र समान आहे. मिठाच्या सत्याग्रहात उतरलेले, बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत झालेले, पुनःपुन्हा तुरुंगात गेलेले साने गुरुजी वेगळे आणि मुलांना गोष्टी सांगणारे साने गुरुजी वेगळे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. पहिल्याचे स्थान इतिहासाच्या ग्रंथात आणि दुसऱ्याचे शाळेच्या कपाटात, अशी ही वाटणी आहे. ती मान्य केली तर या लेखनाचा मूळ प्रश्नच हातातून निसटतो. तो प्रश्न असा : परकीय सत्तेविरुद्ध प्रत्यक्ष लढणारा लेखक मुलांसाठी लिहिताना त्यांच्या हाती शत्रू का देत नाही?

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवरून करावयाचा आहे. साने गुरुजींची कर्मभूमी खानदेश, जन्मभूमी कोकण. धाराशिवचा त्यांच्या चरित्राशी थेट संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु 'शत्रू' या कल्पनेची किंमत काय असते, हे या जिल्ह्याने १९४८ साली ज्या रीतीने अनुभवले, त्यामुळे येथील वाचकाला हे लेखन वेगळ्या प्रकाशात दिसू शकते, किंबहुना दिसायला हवे.

चरित्रातील तपशील सर्वपरिचित आहेत, म्हणून थोडक्यात. २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे जन्म. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून काढलेले 'छात्रालय दैनिक'. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उडी. मग धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक अशी तुरुंगांची मालिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती आणखी लांबली. ऑगस्ट १९४२ नंतर ते भूमिगत राहून काम करीत होते. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले आणि १९४५ च्या आरंभी सुटले. त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग तुरुंगाच्या भिंतींआड झाला, ही गोष्ट चरित्रकार कौतुकाने सांगतात. या भिंतींनी लेखनाच्या आकृतिबंधाला काय दिले, हे मात्र कोणी फारसे विचारत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली आणि त्यामुळेच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्यापुढे आहे. येथे साने गुरुजी लेखक नाहीत, श्रोते आहेत. आणि श्रोत्यांतही लेखणी हाती असलेले श्रोते आहेत. बोलणाऱ्याचा श्वास, वाक्य कोठे लांबते, दृष्टान्त कोठे येतो, ऐकणाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ लागले की विषय कसा घरगुती उदाहरणावर आणला जातो, हे सारे त्यांनी महिनोन्महिने हाताने टिपले. त्यानंतर वर्ष लोटण्यापूर्वीच, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. या पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपते, मंडळी जमतात, आणि श्याम आईची आठवण सांगू लागतो. ठरावीक वेळ, ठरावीक जमाव, आधी प्रार्थना, मग एका बैठकीत पुरे होणारे कथन, आणि उद्याचे आश्वासन. अठरा रविवारांची ही रचनाच बेचाळीस रात्रींत पुन्हा उभी राहिली आहे, असे मला वाटते. धुळ्याचा लेखनिक नाशिकला निवेदक झाला. फरक इतकाच की गीतेच्या जागी आई आली.

या रचनेचा दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. श्यामचे श्रोते मुख्यतः बालके नाहीत. ते आश्रमवासी सोबती आहेत, कार्यकर्ते आहेत. घर सोडून आलेली, आईपासून दुरावलेली माणसे आहेत. ही परिस्थिती राजकीय कैद्याची आहे. तुरुंगातील संध्याकाळ, बराकीतील प्रार्थना, आणि कुलूप लागल्यानंतर घराच्या आठवणी काढणारे पुरुष हे या पुस्तकाचे अदृश्य नेपथ्य आहे. पुस्तकात कोठेही तुरुंग नाही, तरीही त्याची प्रत्येक रात्र कैद्याची रात्र आहे. 'श्यामची आई' हे बालवाङ्मय म्हणून जन्मले नाही. वाचकांनी, शिक्षकांनी आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने ते तसे बनवले. प्रौढांनी प्रौढांना सांगितलेल्या बालपणाच्या कथा मुलांनी आपल्या म्हणून स्वीकारल्या. या पुस्तकातील ज्या अश्रूंना समीक्षक नाके मुरडतात, ते मूलतः श्यामच्या श्रोत्यांचे अश्रू आहेत. मोठ्या पुरुषांना रडण्याची मुभा देणारी ही बैठक होती. ती मुभा मराठी पुरुषी संस्कृतीत सहज मिळत नाही. साने गुरुजींच्या वाट्याला आलेल्या टवाळीचे एक कारण तेही असावे.

आता शत्रूकडे वळू. ज्या सरकारने लेखकाला कोठडीत टाकले, ते सरकार या पुस्तकात जवळजवळ नाही. गोरा साहेब नाही, शिपायाची काठी नाही, ध्वजासाठी झालेला गोळीबार नाही. दुःख आहे, पण ते घरातून आणि गावातून येते. दारिद्र्य, आजार, भाऊबंदकी आणि मुख्यतः कर्ज. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' या प्रकरणात सावकाराचा वसुलीला आलेला माणूस दारात बसून घरच्या स्त्रीचा अपमान करतो. पुढे जप्तीची दवंडी पिटली जाते. धाराशिवसारख्या कोरडवाहू, पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यातील मुलाला हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी टीप लागत नाही. तथापि सावकारही येथे खलपुरुष म्हणून रंगवलेला नाही. तो प्रसंगापुरता येतो आणि जातो. कथेचा प्रकाश अपमान करणाऱ्यावर न पडता अपमान सोसणारीवर पडतो.

या निवडीचे वेगळेपण कळण्यासाठी क्षणभर युरोपकडे पाहावे. स्लोव्हेन भाषकांची कहाणी आपल्याला अगदीच परकी वाटू नये. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या प्रदेशाचा पश्चिम भाग इटलीकडे गेला आणि १९२३ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर तेथील स्लोव्हेन शाळा क्रमाने बंद पडल्या. मुलांचे मातृभाषेतील पुस्तक हीच तेथे प्रतिकाराची खूण झाली. त्या मुलुखातील बालसाहित्यकार फ्रान्से बेव्क तुरुंगात गेला आणि पुढे सशस्त्र प्रतिकारकांना जाऊन मिळाला. मुलांचा लाडका कवी ओटोन झुपानचिच याने १९१५ साली 'त्सित्सिबान' हा खेळकर बालकवितांचा संग्रह दिला होता. त्यानेच १९४१ च्या शरद ऋतूत, इटालियन फौजांनी ल्युब्ल्याना व्यापलेले असताना, कवीला त्याच्या कर्तव्याची आठवण देणारी कविता गुप्त पत्रातून निनावी छापली. युद्ध संपल्यावर तर युगोस्लाव्हियात प्रतिकारकांना साहाय्य करणाऱ्या धाडसी मुलांच्या कथांचा पूर आला. जंगल, निरोप पोहोचवणारा मुलगा, गणवेशातील शत्रू ही त्या कथांची ठरलेली सामग्री. यात कमीपणा काही नाही. व्यापलेल्या देशातील बालपणच तसे होते. पण त्या वाङ्मयात शत्रूचा चेहरा स्पष्ट असतो, किंबहुना कथा चालते ती त्याच्या जोरावर.

अशी सामग्री साने गुरुजींना उपलब्ध नव्हती असे नाही. 'पत्री' या त्यांच्या कवितासंग्रहातील देशभक्तिपर कवितांचा धसका सरकारने घेतला आणि त्याच्या प्रती जप्त केल्या. म्हणजे आवाहनाची, बलिदानाची भाषा त्यांच्या लेखणीत होतीच. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्या खानदेशात साने गुरुजींनी मुले घडवली, त्याच खानदेशातील ती शाळकरी मुले होती. बालवीराची कथा लिहिण्यासाठी याहून जवळचा विषय कोणता? तरीही साने गुरुजींचे बालवाङ्मय म्हणून महाराष्ट्राने जे उराशी धरले, त्यात बंदुकीपुढे छाती काढणारा मुलगा केंद्रस्थानी नाही. मुकी फुले अवेळी तोडू नयेत म्हणून आईचे बोल ऐकणारा, पोहायला भिणारा, पुस्तकासाठी पैसे चोरणारा आणि त्याबद्दल मनात जळणारा मुलगा आहे. भित्रेपणा, चोरी, लाज यांचे हे वाङ्मय आहे. सत्याग्रहाच्या शिकवणीत लढाईचे क्षेत्र आधी स्वतःच्या मनात असते. ती शिकवण इतक्या तपशिलाने मुलाच्या पातळीवर आणणारे दुसरे मराठी पुस्तक मला ठाऊक नाही.

आता धाराशिव. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९८२ पर्यंत लातूरही त्यातच होते. संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणाची वाट परभाषेतून काढावी लागे. सभा-संमेलनांवर गश्ती क्रमांक ५३ चा अंमल होता. अशा परिस्थितीत १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. आज हे गाव लोहारा तालुक्यात आहे. या शाळेत शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर हे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. साने गुरुजी आणि स्वामीजी हे जवळजवळ समवयस्क. दोघेही शिक्षक, दोघेही अविवाहित, दोघेही मुलांच्या सहवासातून राजकारणात आलेले. अमळनेरचे वसतिगृह आणि हिप्परग्याची शाळा या एकाच प्रेरणेच्या दोन शाखा म्हणता येतील. पण अमळनेरच्या शिक्षकाने मुलांसाठी ग्रंथांचा ढीग मागे ठेवला; हिप्परग्याच्या शिक्षकाने संघटना उभी केली आणि लेखन केले ते प्रौढांसाठी, आठवणींच्या रूपाने. संस्थानातील लढ्याला बालवाचक लाभला नाही. गाणे मात्र होते. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरल्यामुळे औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना महाविद्यालये व वसतिगृहे सोडावी लागली आणि त्यांतील अनेकांनी नागपूर गाठले. गाणे म्हणणे हाच गुन्हा ठरलेल्या त्या पिढीला 'पत्री'ची जप्ती का झाली, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९४७-४८ मध्ये या जिल्ह्याने जे सोसले ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे तेव्हाच्या याच जिल्ह्यातला. गावे लुटली गेली, कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली, सीमेवरच्या छावण्यांतून तरुणांनी सशस्त्र प्रतिकार केला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून शिरली ती नळदुर्गावरून. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्यापुढची पाने मात्र मराठवाड्याच्या स्मृतीत फार मंदपणे उलटली जातात. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान अंदाजली आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित होता. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यांच्याशी लढणाऱ्यांचे शौर्यही खरे होते. शत्रूचा चेहरा एकदा मनात पक्का झाला, की लढाई संपल्यावर तो चेहरा शेजाऱ्याच्या खांद्यावर बसवायला वेळ लागत नाही, हेही याच भूमीवर खरे ठरले.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून साने गुरुजी वाचले, की त्यांच्या लेखनातील शत्रूचा अभाव हा भाबडेपणा वाटेनासा होतो. हे लिहिणारा माणूस हिंसा न पाहिलेला, सुखरूप घरात बसलेला नव्हता. गांधीहत्येनंतर त्याने एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, म्हणजे नळदुर्गावरून रणगाडे जाण्याच्या महिनाभर आधी, त्याने 'साधना' साप्ताहिक सुरू केले. याच माणसाने मराठी वाचकासाठी पैगंबरांच्या जीवनाची ओळख करून देणारे 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले. ह्यूगोच्या कादंबरीवरून 'दुःखी' आणि जॉर्ज एलियटच्या कादंबरीवरून 'मनूबाबा' मराठी मुलांना दिले, ते दोन्ही सावरलेल्या माणसांच्या कथा आहेत. पाव चोरणारा कैदी आणि सोन्याला कवटाळून बसलेला विणकर. दोघांना वाचवते ते एक मूल. एका अर्थी मुलाने मोठ्यांना वाचवणे हेच साने गुरुजींच्या बालवाङ्मयाचे आशयसूत्र आहे; बालवीराने शत्रूला मारणे नव्हे.

पण या निवडीची किंमतही मोजली पाहिजे. पूजकांनी ती कधी मोजली नाही. शत्रू काढून टाकला की अन्यायाची रचनाही धूसर होते. सावकारीला कायदा आणि व्यवस्था असते. श्यामच्या कथेत ती दैवाच्या अंगाने जाते. याहून बोचरा प्रसंग महार म्हातारीच्या मोळीचा. तिच्या डोक्यावरून पडलेली मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. पूजकांना यात आईची करुणा दिसते आणि ती आहेच. पण आंघोळही आहे. मोळी उचलणारा हात आणि तो हात धुणारे पाणी एकाच वाक्यात, एकाच मायेने सांगितले जातात. येथे दुष्ट कोणी नाही, म्हणून अस्पृश्यता कोणाची, हा प्रश्नही पडत नाही. दलित वाचकाला ही आई कशी दिसते, याचा विचार आपल्या पाठ्यपुस्तकांनी क्वचितच केला. काही शिक्षक वर्गात ती आंघोळ वगळून कथा सांगतात. हेतू चांगला असला, तरी मला तो प्रकार अप्रामाणिक वाटतो. ती आंघोळ पुस्तकात आहे म्हणूनच ते पुस्तक इतिहास आहे.

लेखकाला हे कळले नव्हते, असे मात्र म्हणवत नाही. चौदा वर्षांनी, १ ते १० मे १९४७, साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्याआधी त्यांनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला होता. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेले असताना, सारे राजकारण सत्तांतरात गुंतलेले असताना, हा माणूस स्वतःच्या समाजाच्या देवळापुढे उपाशी बसला. 'श्यामची आई'मध्ये जी आंघोळ राहून गेली होती तिचे उत्तर मी या दहा दिवसांत वाचतो. शत्रू बाहेर न शोधण्याची जी सवय लेखनात होती, तीच येथे कृतीत उतरली. फक्त करुणेच्या जागी हट्ट आला. पुस्तक मात्र त्यांनी बदलले नाही. मुलांच्या हाती आजही १९३३ ची आईच आहे, १९४७ चा मुलगा नाही. आणि समीक्षेने या दोहोंना एकत्र वाचण्याचे काम शाळांवर टाकून दिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. त्यानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभारले. ज्या गावावरून पंचेचाळीस वर्षांपूर्वी सैन्य आत शिरले होते, त्याच गावात साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्या संघटनेने हे घर चालवले. आईपासून तुटलेल्यांनी संध्याकाळी प्रार्थनेनंतर एकत्र बसायचे, ही 'श्यामची आई'ची मूळ बैठक तेथे कोणाला वाङ्मयीन रचना म्हणून शिकवावी लागली नसेल.

मराठवाड्याच्या लढ्याविषयीचे आपले लेखन मात्र अद्याप प्रौढांच्या आठवणींच्या आणि गौरवग्रंथांच्या पुढे फारसे सरकलेले नाही. त्यात कोणी किती छावण्या चालवल्या याचा हिशेब आहे, तो असायलाही हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये या जिल्ह्यात जी मुले दहा वर्षांची होती, त्यांनी घरातून जाणारी माणसे पाहिली आणि काहींनी शेजारच्या दाराला लागलेली आगही पाहिली. ती मुले आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांची रात्र पहिली अजून कोणी लिहून घेतलेली नाही.